रिकाम्या डब्यांचं अर्थशास्त्र

यवतमाळ जिल्ह्यात एक दिवस कापसाला मनासारखा भाव मिळेल, नेरच्या स्टँडवर एस.टी. वेळेआधी येऊन प्रवाशांची वाट पाहत उभी राहील, ऐन मे महिन्यात लोक अंगावर शाल घेऊन फिरतील. यातलं काहीही कोणी सांगितलं तर मी मान डोलवीन. पण माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने एकदा मनात घेतलेला विषय अर्धवट सोडला असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाला बसायला पाटसुद्धा देणार नाही.

हे आमचे मेहुणे यवतमाळच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. वर्गात मुलं बसली आहेत की खुर्च्या, याने त्यांना फरक पडत नाही, कारण त्यांचा खरा वर्ग बाहेर भरतो. अर्धा किलो वांगी त्यांनी तासाभराच्या आत घेतल्याचं कोणाच्या स्मरणात नाही. "मावशी, गुळगुळीत वांगे वर अन् किडके खाली, हे तुमाले कोनं शिकवलं?" असं ते इतक्या भक्तिभावाने विचारतात की पहिल्यांदा त्या बाईला राग येतो, मग लाज वाटते आणि शेवटी ती म्हणते, "सर, वांगे घेता का परीक्षा घेता?" एकदा शाम्पूची बाटली सोडून लोक पुडीच का घेतात, याचा शोध घ्यायला ते थेट मुकुटबनपर्यंत गेले आणि एका किराणा दुकानात कोपऱ्यात पेन उगारून उभे राहिले. दुकानदाराला वाटलं, कराच्या हपिसातून साहेब आला. त्याने यांना चहावर चहा पाजला, आणि जन्मात पहिल्यांदा त्या दुपारी दोन रुपयांच्या पुडीचंही पक्कं बिल फाडलं. मेहुण्यांचा निष्कर्ष असा निघाला की ग्रामीण व्यापारी फार आतिथ्यशील आणि कमालीचा प्रामाणिक असतो.

गरिबाला धान्य द्यावं की रोख रक्कम, यावर मोठमोठे विद्वान भांडत असतात. मेहुण्यांनी तो वाद घरच्या घरी मिटवायचं ठरवलं. भाजी-किराणा आणणं बंद करून त्यांनी सगळी रक्कम वहिनींच्या हाती ठेवली आणि कशावर खर्च होते ते दुरून पाहू लागले. वहिनींनी एक झकास पैठणी घेतली. पुढे बरेच दिवस मेहुणे भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन कॉलेजात जात, आणि डोळ्यांतलं पाणी पुसत सांगत, "लाभार्थी समाधानी आहे."

असा माणूस पीएच.डी. केल्याशिवाय कसा राहील? आता ती किती वर्षं चालली आहे म्हणाल, तर त्यांचे मार्गदर्शक हे त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी आहेत, यावरून ओळखा. ते यांना सर म्हणतात, हे त्यांना सर म्हणतात, आणि चर्चेला बसले की पहिला पाऊण तास "नाही सर, तुम्ही बसा" यातच जातो. विषय मात्र मेहुण्यांनी नामी धरला होता. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीतून कोणी तुरीचे ओले सोले, म्हणजे हिरवे दाणे, पाठवले, तर त्या वाटीत चार शेंगदाण्याचे लाडू जातात. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. मेहुण्यांचं म्हणणं, हा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा व्यापार, आणि सरकारच्या एकाही पाहणीत तो येत नाही.

नुसतं म्हणून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. हल्लीच्या संशोधनाची रीत अशी की चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट पाडायचे. एका गटाला एक वागणूक, दुसऱ्याला दुसरी, आणि पाहायचं काय होतं ते. मेहुण्यांनी कॉलनीतल्या आणि नात्यातल्या घरांच्या चिठ्ठ्या केल्या. अर्ध्या घरांची भांडी नेहमीसारखी भरून परत जाणार, अर्ध्यांची रिकामी. वर्षभर कोणालाही कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की लोक मुद्दाम शहाण्यासारखे वागतात. रिकाम्यांची पहिली चिठ्ठी वहिनींनी उचलली आणि ती आमच्या घराची निघाली.

"सख्ख्या बहिणीचा डबा रिकामा धाडाचा? ते चिठ्ठी परत टाका," वहिनी म्हणाल्या.

"चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी. संशोधनात नातं नसते."

मी नेरच्या कचेरीत कारकून. मीटिंगा यवतमाळला, त्यामुळे दोन्ही घरांमधली डब्यांची ने-आण माझ्याकडे. म्हणून मला एकट्याला बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगितलं आणि माझा हात घट्ट धरून म्हणाले, "जवाईबापू, तुमी फुटले तं माहा प्रबंध फुटला. नोंदणीले आता शेवटची मुदतवाढ भेटली आहे. मी बिनपगारी रजा काढून बसलो." सासुरवाडीच्या माणसाने इतका विश्वास टाकल्यावर जावई काय करणार? मी शब्द दिला आणि माझ्या संसारातली वर्षभराची शांतता घालवून बसलो.

पहिला डबा तुरीच्या सोल्यांचा गेला. परत आला तो लख्ख घासलेला आणि रिकामा. बायकोने तो उलटा करून बुडावर टिचकी मारली. "वहिनीले बरं नाही का?" बरं आहे, मी म्हणालो. संक्रांतीच्या तिळाच्या पोळ्या गेल्या. डबा पुन्हा ठणठणीत. "दादा माजला का?" मी पेपरात तोंड खुपसलं. तिसऱ्या वेळी तिने सरळ फोन लावला. "काहून रे दादा, तुह्या घरी डब्यात टाकाले चिमूटभर साखरही नाही का?" मेहुण्यांची पंचाईत अशी की त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायची संशोधनाला बंदी. शेवटी ते म्हणाले, "मी तुले काही सांगू नाही शकत, बाई." आणि फोन ठेवला.

तिकडे कॉलनीत हाहाकार. ज्या घरांची भांडी रिकामी गेली, त्यांच्याकडून पुरणपोळी आटली, मग लोणचं आटलं, मग नमस्कार. हळदीकुंकवात वहिनींना बसायला जागा मिळेना; एका शेजाऱ्याने तर यांचं तोंड दिसू नये म्हणून फाटकाचं तोंड फिरवून घेतलं. कोणीही शहाणा माणूस गाव सोडून गेला असता. मेहुणे मला संगणकावर उतरती रेघ दाखवत, आणि त्यांच्या डोळ्यांत पुत्रजन्माचा आनंद असे. "जवाईबापू, पाहा पाहा, काय सुंदर घसरून राह्यलं!" मागून वहिनींचा आवाज येई, "माही इज्जत घसरून राह्यली ते."

पण आमचं घर काही घसरेना. उलट डब्याची पिशवी झाली, पिशवीचं पोतं झालं. सांडगे, कुरड्या, लोणच्याची बरणी, पायलीभर ज्वारी. नेरच्या एस.टी.त कंडक्टर मला माझं तिकीट आणि सामानाचं वेगळं विचारू लागला. बायको ओठ घट्ट मिटून भरत राही. मी दबकत म्हणायचो, अगं, तिकडून काही येत नाही. "न्या म्हनलं ना. मुकाट्यानं न्या." मला वाटलं, हा बहिणीचा सूड आहे, भावाला ओझ्याखाली गाडून लाजवायचा बेत आहे.

वर्ष संपलं. रिकाम्या गटातल्या सगळ्या रेघा खाली आणि एक रेघ वर, असं ते चित्र पाहून मार्गदर्शक हात जोडून म्हणाले, "सर, हे एक घर वगळा. अपवाद असतो. बाकी सगळं इतकं स्वच्छ आहे की मुदतीत प्रबंध जाईल."

"कायले अपवाद आहे ते समजल्याबिगर नाही वगळणार," मेहुणे म्हणाले, आणि नेरला आले.

ते आमच्या बैठकीच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले. बायको समोर सतरंजीवर तूर निवडत होती. कारण कळू न देता आधी उत्तर घ्यायचं, मग खरं सांगायचं, हा नियम. त्यांनी घसा खाकरला. "वारंवार भांडं रिकामं परत आल्यावरही तुम्ही वस्तू पाठवणं का चालू ठेवलं?"

"तुम्ही? मले तुम्ही म्हनते?"

"प्रश्नच तसा आहे. उत्तर दे."

ती सुपातल्या तुरीकडे बघत म्हणाली, "पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदाही आला. मंग फोन केला तं तू म्हनला, सांगू नाही शकत. रजा बिनपगारी हे तं मले माहीतच होतं. तू लहानपनी उपाशी असला तरी जेवलो म्हनत होता. मले वाटलं, घरात काहीच नसन. मंग डब्यात काय आलं ते मी कायले पाहू?"

मेहुण्यांनी पेन खिशाला लावलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, गट, मुदत, माझा शब्द. मी दाराशी चपला शोधत होतो. बायकोने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे घरी सगळं होतं?"

"होतं."

"ज्वारी, तेल, सगळं?"

"सगळं होतं, बाई."

तिने पदराने तोंड पुसलं. "मंग ठीक आहे," ती म्हणाली. मोठं ओझं उतरल्यासारखी भिंतीला टेकली. त्यानंतर उठली, आणि आम्हा दोघांना तिने जे झोडपलं त्याचा आवाज अमरावतीपर्यंत गेला असेल.

मेहुण्यांनी कॉलनीत दारोदार जाऊन माफी मागितली. बऱ्याच जणांनी दिली. पण ते घर त्यांनी वगळलं नाही. व्यवहाराच्या कोणत्या नियमात ते बसतं, हे शोधता शोधता मुदत निघून गेली, आणि त्यांनी पहिल्यापासून नवी नोंदणी केली. आता डोक्यावर काळा केस औषधालाही उरलेला नाही. रिटायर व्हायला आलेत. रस्त्यात कोणी विचारतं, "सर, प्रबंधाचं किती राह्यलं?"

ते थांबतात, चष्मा काढून पुसतात, आणि हलक्या आवाजात सांगतात, "एकच घर राह्यलं."