काठाचं गवत

मैदानवाले आजोबा निवृत्त होऊन धाकट्या मुलाकडे राहायला आले, ते नाक मुरडतच. उभी हयात त्यांनी खेळाच्या मैदानाचं गवत राखलं होतं. एक पातं वर आलेलं त्यांना खपत नसे. कात्रीसुद्धा सोबत आणली होती.

आणि इथे सूनबाईने त्यांच्या खाटेशेजारी, गॅलरीतल्या कुंडीत चक्क रानगवत वाढवलेलं! ती कॉलेजात किड्यांबद्दल शिकवायची. त्या गवतावर एक मोठ्या डोक्याची हिरवी अळी होती. पात्याच्या कडा रेशमाने टाचून ती नळी करायची, आत लोळायची आणि तेच घर कुरतडायची. शी मात्र लांब भिरकावायची, ती नेमकी आजोबांच्या बशीत. तिचं होणारं फुलपाखरू नखाएवढं, मातकट असतं हे कळल्यावर आजोबांनी कपाळावर हात मारला. असल्या फडतूस जिवाचे एवढे लाड?

सूनबाईच्या बाकी सगळ्या अळ्या मेल्या होत्या, ही एकटीच उरली होती. कुंडीला हात लावू नका, असं तिने बजावलं होतं. पण बरेच दिवस बशी स्वच्छ राहिली, तेव्हा अळी टळली असं आजोबांनी ठरवलं आणि ते पिवळट, गुंडाळलेलं पातं बुडातून उडवलं.

संध्याकाळी सूनबाईने ते केरातून उचललं.

"बाबा, ती गेली नव्हती. आत कोषात होती."

त्यानंतर तिने बोलणंच टाकलं. मुलगा नुसता "हो बाबा" म्हणणारा. तोंडाला तोंड देणारी तीच एक होती. आजोबांना घर खायला उठलं. किड्याला शिव्या घालत त्यांनी ते पातं दोऱ्याने काडीला बांधलं आणि कुंडीत सावलीला खोचलं.

एका सकाळी फुलपाखरू बाहेर आलं. पुढचे पंख उभे, मागचे आडवे.

"धड पंखही मिटता येत नाहीत," आजोबा म्हणाले.

"मादी आहे," सूनबाई कितीतरी दिवसांनी बोलली. "अंडी घालायला उंच गवत लागेल तिला."

ते उडून खाली बागेत गेलं. तेवढ्यात तिथे यंत्र घरघरलं. आजोबांच्याच हाताखाली शिकलेला माळी भिंतीकडेचं उंच गवत भुईसपाट करत होता. आजोबा अनवाणीच खाली धावले आणि काठ सोड म्हणून ओरडले.

माळ्याने यंत्र थांबवलं. "काठ सोडणारा माळी गाढव, असं तुम्हीच शिकवलंत की."

आजोबांनी वर पाहिलं. सूनबाई गॅलरीतून ऐकत होती.

"मग हो गाढव," ते म्हणाले आणि उरलेल्या गवतापुढे जाऊन उभे राहिले.