पोटातलं जिनिंग

बिघडलेली कुठलीही वस्तू बंद करून, उघडून, फडकं मारलं की सुधारते, यावर आमच्या अकोल्याच्या भाऊजींइतकी श्रद्धा जगात दुसऱ्या कोणाची नसेल. ताईच्या लग्नाआधीपासून ते एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवतात. चिमटीत रुई ओढून धाग्याची लांबी सांगायची, तीही डोळे मिटून! अमरावतीला आमच्याकडे मुक्कामाला आले की गादीची शिवण बोटभर उसवून आतला कापूस तपासत आणि "तुले फसवलं गादीवाल्यानं," असं मोठ्या समाधानाने सांगत. मिक्सर, पंखा, शेजाऱ्याची स्कूटर, सगळं ते खोलून ठेवत. जोडायला मात्र माणूस बोलवावा लागे.

पन्नाशीत त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी नीट समजावलं, की स्वादुपिंडात इन्सुलिनबरोबर आणखी एक प्रथिन तयार होतं, ते गोळा होऊन साचत जातं आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. इथेच घात झाला. भाऊजींना त्यात जिनिंगचा रोलर दिसला. रोलरला रुई गुंडाळली गेली तर काय करायचं? मशीन बंद, माल घालणं बंद, आधी सफाई. त्यांनी जेवण अर्ध्यावर आणलं आणि गोळ्या पार सोडल्या. ताई रडली, मी कडाकडा भांडलो. "अबे, चालू मशीनमंदी कोणी हात घालते का? मी सफाई करून राहिलो. काहून घाबरून राहिले तुमी?" कपाळ माझं!

दोन हंगाम ही सफाई चालली. मग एक दिवस कापसाच्या ढिगाऱ्यावरच ते चक्कर येऊन पडले. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. "साचलेलं काढून टाकायचं औषध अजून नाही हो," ते म्हणाले, "उरलेलं जपायचं होतं." इन्सुलिनची सुई सुरू झाली. शुगरने आधी पाय बधिर झाले होते, तोवर तो बधिरपणा हातांच्या बोटांतही चढला होता.

दिवाळीत गेलो तेव्हा भाऊजी अंगणात चिमटीत रुई धरून बसले होते. ओढत होते, पुन्हा ओढत होते. "मले समजूनच नाही राहिलं रे," ते म्हणाले. जिनिंगमध्ये त्यांनी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी धागा ओढून "लांब आहे" म्हणालो. त्यांनी मान हलवली. फार वाईट वाटलं.

अजूनही ते आमच्याकडे येतात. आले की त्यांच्या गादीची शिवण मीच आधी बोटभर उसवून ठेवतो. सकाळी पाहतो, तर आतला कापूस जागचा हललेला नसतो.