सक्त समज देऊन सोडण्यात येते

वाशीमच्या कचेरीत मी ऑनररी म्याजिस्ट्रेट होतो, म्हणजे पगाराशिवाय लोकांच्या शिव्या खायचं काम माझ्याकडे होतं. दरोडे आणि जमिनीचे तंटे पगारी साहेबांकडे जात; नाक अजून वाहतंय असे आरोपी तेवढे माझ्या वाट्याला येत. कुणी हरभऱ्याचे घाटे खाल्लेले, कुणी ढिगातला ओंजळभर कापूस उचलून त्याच्या बदल्यात फेरीवाल्याकडून गोडीशेव घेतलेली. सुरुवातीला माझी उमेद दांडगी होती. प्रत्येकाला तासभर उपदेश करायचा आणि निकालात लिहायचं, 'सक्त समज देऊन सोडण्यात येते.' चार वर्षांत ती उमेद आटली. तीच पोरं फिरून येत आणि रस्त्यात भेटली की मला पाहुण्यासारखा रामराम घालत. पालथ्या घड्यावर पाणी ओतून माझा घसा मात्र बसला.

त्यात या 'समज' शब्दाने घोळ घातला. एका बाजाराच्या दिवशी अनसिंगची एक बाई आपल्या धष्टपुष्ट पोराला घेऊन थेट माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"याले थोडी समज द्या, साहेब."

"काय केलं त्यानं?"

"काईच नाई केलं. काईच करत नाई, म्हनून तं आनलं."

"बाई, ही कचेरी आहे."

"मले मालूम हाय. रिठदच्या पोट्ट्याले देल्ली ना तुमी? सक्त देल्ली म्हने. आमाले साधी द्या."

मी तिला हाकललंच असतं, पण तिच्यामागे आणखी दोघी पोरं घेऊन उभ्या होत्या आणि पट्टेवाल्याने त्यांना ओळीत लावलं होतं. संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, आता हे काम सोडतो. ती म्हणाली, "सोडा. पण आधी आपल्या थोरल्याला थोडी देऊन ठेवा."

मी राजीनामा देण्याआधीच तो रिठदचा पोरगा तिसऱ्यांदा येऊन उभा राहिला. दहा-अकरा वर्षांचा असेल. पुन्हा तोच कापूस, तीच गोडीशेव. या वेळी गावचा जमीनदार जातीने आला होता. दोनदा सोडलात, आता सुधारशाळेत पाठवा, असं त्याचं म्हणणं. ती शाळा फार लांब होती आणि तिथे गेलेला पोरगा मिसरूड फुटल्यावरच घरी येई. मी इतका विटलो होतो की मला ते पटलं. टाक दौतीत बुडवला. पोराची आई दाराशी उभी होती. तिला जरा चिडूनच विचारलं, "दोनदा समज दिली, बाई. काय उपयोग झाला तिचा?"

"झाला ना, साहेब. पयले हा एकटाच खाये. तुमी वाटून खाच्चं सांगतलं, तवापासून बहिनीले अर्धी देते."

जमीनदार हसला.

"आणि दुसऱ्या समजेचा?"

"तवा तुमी सांगतलं, मेलं तरी खोटं बोलू नोको. परवा मालकानं ईचारलं, कापूस कोनं नेला, तं हा म्हने, म्या नेला. कोनी पाह्यलं बी नव्हतं."

मी जमीनदाराकडे पाहिलं. "खरं आहे?"

"खरं हाय," तो म्हणाला. "पन चोरी थे चोरीच."

एवढ्या वर्षांत माझं ऐकणारा एकच निघाला होता, आणि ऐकलं म्हणूनच तो सापडला होता. मी टाक खाली ठेवला आणि पोराला जवळ बोलावलं.

"अरे, मग चोरी करू नये, एवढं नाही का कळलं तुला?"

"थे नाई सांगतलं तुमी."

मी आठवून पाहिलं. त्याग सांगितला होता, सत्याचा महिमा सांगितला होता, देशाचं भवितव्य बालकांच्या हाती कसं आहे तेही सांगितलं होतं. पोरगा खोटं बोलत नव्हता.

"आता सांगतो," मी म्हणालो. "दुसऱ्याचा कापूस घ्यायचा नाही."

"बरं," तो म्हणाला आणि आईकडे जायला वळला. मी त्याला जाऊ दिलं.