वारा आयला का?

मे महिन्याच्या भर दुपारी आमच्या कामोठ्यातली शहाणी माणसं खिडक्या लावून, पडदे ओढून, जमल्यास त्यांवर पाणी मारून घरात पडून राहतात. मीठबाबा नेमके त्याच वेळी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायचे. अंगातला सदरा काढून खुंटीला लावायचे, पश्चिमेच्या खिडकीसमोर खुर्ची ओढायचे आणि पाहुणा यायचा असावा तसे बाहेर बघत बसायचे. बाहेरून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आत यायची. कुणी काही बोललंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "थांब जरा. वारा येल."

त्यांचं खरं नाव इमारतीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. खाडीकाठच्या एका गावात त्यांचं मिठागर होतं. बापाचं, आज्याचं आणि त्याच्याही आधीचं. ते शहराच्या पोटात गेलं आणि मुलानं आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला. मुलाला दुसरा मजला हवा होता. बाबांनी हट्ट करून सगळ्यात वरचा घ्यायला लावला, कारण वर वारा लागतो. आम्ही त्यांच्या बरोबर खाली. म्हणजे आमच्या डोक्यावर त्यांचं घर होतं आणि त्यांच्या डोक्यावर नुसता स्लॅब. उन्हाचा पहिला मार ते खात, उरलासुरला आमच्या वाट्याला येई, आणि तेवढ्यानंही आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर कुरकुरत असू.

सदऱ्याच्या खिशात कागदाच्या पुडीत जाडं मीठ ठेवायची त्यांची सवय होती. आम्ही राहायला आलो तो पहिलाच उन्हाळा. लिफ्ट बंद होती आणि मी गहू घेऊन जिना चढत होतो. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत टेकलो, तर हे समोर उभे. "हात कर," म्हणाले आणि तळहातावर मिठाचे चार खडे ठेवले. "घाम गेला म्हंजे मीठ गेला, मास्तर. ज्याचा त्याला परत द्यावा." मी शिकवण्या घेतो म्हणून मी मास्तर. चाटून होईपर्यंत ते समोरून हलले नाहीत. मग, तुम्ही मूळचे कुठले, असं विचारलं. मी पुणे म्हटल्यावर मान डोलावून म्हणाले, "तरीच. तुमच्यात मीठ कमीच." सुनीता, म्हणजे माझी बायको, हे आठवून पुढे कितीतरी दिवस हसत होती.

मीठ उन्हानं पिकतं, असं आपण समजतो. बाबांच्या मते ऊन अर्धंच काम करतं. "ऊन नुसता तापवतं. सुकवतो तो वारा." मिठागरावर बांबूला चिंधी बांधून ते वाऱ्याची खबर ठेवत, तशीच एक चिंधी त्यांनी पश्चिमेच्या खिडकीच्या गजाला बांधली होती. लाल लुगड्याचा तुकडा, उन्हानं पार विटलेला. मिठागरावरच्या झोपडीचं दारही पश्चिमेला असे आणि उन्हाळाभर ते कुणी लावत नसे. लावणं म्हणजे वाऱ्याला हाकलून देणं. उन्हात कुणाला भोवळ आली की त्याला त्या दारात आणून निजवायचं. दुपार कलली की खाडीवरून वारा सुटायचा आणि माणूस उठून बसायचा. बाबांनी हे स्वतः पाहिलं होतं, एकदा नव्हे, जन्मभर. स्वतःच्या बापालाही त्या दारात उठून बसलेलं पाहिलं होतं.

आणि खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं तो वारा आम्हीही खाल्ला. चहाच्या वेळेला इमारतीची दारं धाडधाड आपटायला लागायची, सुनीताचे वाळत घातलेले कपडे उडायचे आणि वरून आरोळी यायची, "मास्तर, आयला!" जणू त्यांनी स्वतः जाऊन त्याला हाताला धरून आणलं होतं. मग आमच्या आणि खाडीच्या मध्ये एक टॉवर उभा राहिला. त्याच्या शेजारी दुसरा. काचेचे, उंच, दुपारचं ऊन उलट आमच्याच अंगावर फेकणारे. चिंधी हलायची कमी झाली, मग दोन-दोन दिवस लोंबतच राहू लागली. ते टॉवर बांधणाऱ्याला मी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या आयुष्यात कुणालाच घातल्या नसतील. बाबांनी एकही घातली नाही. "इमारत उभी हाय तिथं. वारा फिरून येल," एवढंच म्हणाले.

हे सगळं एकट्यापुरतं असतं तर म्हाताऱ्याची लहर म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या खिडकीला लागून खाट होती आणि खाटेवर आजी, बाबांची बायको. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून जिचे टाळूवरचे केस झिजले होते, ती बाई अर्धांगानं आडवी झालेली. बोलणं जवळजवळ गेलं होतं. मोजके दोन-तीन शब्द शाबूत राहिले होते आणि त्यातच एक प्रश्न होता. झोपेतून जाग आली की ती खिडकीकडे डोळे फिरवून विचारायची, "आयला का?" बाबा तिच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणायचे, "येल गो. निघाला आसंल." इतक्या हळू आवाजात हा माणूस दुसऱ्या कुणाशी बोललेला मी ऐकला नाही.

मुलगा वाईट नव्हता. पळस्पे फाट्याजवळ त्याचं वेगळं घर होतं, एसी होता. आदल्या उन्हाळ्यात तो दोघांना घेऊनही गेला. त्या बंद खोलीत आजी दिवसरात्र चांगल्या हातानं खिडकी दाखवत राहिली आणि शेवटी तिनं खाणंच सोडलं, तेव्हा त्यानंच परत आणून सोडलं. त्यामुळे यंदा तो न्यायला आला तेव्हा बाबांनी नुसतं आजीकडे बोट केलं, "हिला इचार." आजीनं तोंड फिरवलं. तो बिचारा एक कूलर ठेवून गेला.

यंदाचं ऊन मात्र निराळंच होतं. पनवेलला उकाडा नवा नाही, पण यंदा रात्रसुद्धा उतरत नव्हती. नळाच्या पाण्यानं हात पोळायचा. कावळे चोची उघडून पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेले असायचे. मोबाइलवर सारखे निरोप यायचे, घराबाहेर पडू नका. घरात काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. सगळ्यांचे एसी एकदम चालले की ऐन दुपारी वीज जायची, आणि वीज गेली की कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आजीला तपासायला आलेल्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "यांना या खोलीत ठेवू नका. आज-उद्याच हलवा."

सुनीता आणि मी वर गेलो. म्हटलं, बाबा, आजीला आमच्याकडे आणू, आमची आतली खोली काळोखी आहे, गार आहे. निदान खिडकी तरी लावू, ओला पडदा सोडू.

"खिडकी लावली त वारा कुठून येल?"

"बाबा, वारा नाही, झळ येतेय."

"आदी झळच येते, मास्तर. तिच्या मागून वारा." हे त्यांनी मला समजावून सांगितलं, ढ पोराला समजवावं तसं. मग म्हणाले, "दारात निजवलेला मानूस मधीच उचलायचा नसतो."

सुनीतानं ओली चादर करून आजीच्या अंगावर घातली. ती दर थोड्या वेळानं वर जाऊन भिजवून यायची. खाली आल्यावर एकदा रडली आणि म्हणाली, "चादर बघता बघता वाळते हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली ती आलीच नाही. चहाची वेळ झाली तेव्हा बाबा स्वतः खाली आले. जिन्याचा कठडा धरून, सदऱ्याशिवाय. इतक्या वर्षांत त्या वेळी त्यांनी खिडकी सोडलेली मी पहिल्यांदा पाहिली. म्हणाले, "मास्तर, आज काय तो येत नाय. चला, उचलू हिला."

आम्ही धावलो. आजीचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि कोरडं ठणठणीत. बाबांनी तिच्या गळ्यावरून, काखेतून हात फिरवला आणि तो हात माझ्यासमोर धरला. "घाम नाय," म्हणाले. मिठाची पुडी खुंटीवरच्या सदऱ्यात होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वॉचमन आणि मी मिळून आजीला खुर्चीवर बसवून जिना उतरवला. सुनीता वाटेत पाण्याचे हबके मारत होती. रिक्षात आजीचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. एकदा तिचे ओठ हलले. शब्द उमटला नाही, पण काय विचारलं ते आम्हा दोघांनाही कळलं. बाबांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हॉस्पिटलचं दार दिसण्याआधीच ती गेली.

दिवस-कार्य झाल्यावर मुलगा त्यांना घेऊन गेला. जाण्याआधी त्यांनी घरातल्या खिडक्या एक-एक करून लावल्या. पश्चिमेची सगळ्यात शेवटी; तिची कडी वापर नसल्यानं गंजली होती, ती चपलेनं ठोकून बसवावी लागली. चिंधी बाहेर गजालाच राहिली. ती अजून आहे. रस्त्यावरून मान वर केली की दिसते, सरळ लोंबत.

मागच्या आठवड्यात त्यांना भेटायला पळस्प्याला गेलो होतो. ऊन तसंच आहे, पाऊस लांबलाय म्हणतात. बाबांची खोली गार होती. खिडक्या बंद, वर जाड पडदे. ते अंगभर सदरा घालून, भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसले होते. मला ओळखलं. मी सुनीताचा निरोप सांगितला, शिकवण्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. उठताना मला राहवलं नाही. पडद्याला हात घालून म्हटलं, "बाबा, संध्याकाळ झालीय. थोडा वेळ उघडू का?"

"नको, मास्तर," ते म्हणाले. "बंद हाय त्यो बरा हाय. हितं कुनी इचारत नाय, आयला का म्हनून."