तिघांपुरती ताल

तिसगावच्या बाजाराला येणाऱ्या गावांत कुणाला ताल घालायची असली, की निरोप गहिनीनाथकडे जायचा. उताराच्या रानात माती अडवायला दगडांनी रचून काढतात तो बांध म्हणजे ताल. डोंगराच्या पायथ्याला नुसत्या मातीच्या बांधाचा काय भरवसा? गहिनीनाथ आधी पाया खणायचा, मग धोंडे बसवायचा, फटीत कपच्या ठोकायचा आणि जास्तीच्या पाण्याला वाट म्हणून एका टोकाला सांडवा ठेवायचा. हात चालू तसा तोंडाचा पट्टाही चालू.

"वरंबा एका पान्याचा, बांध एका पिढीचा, ताल नातवांची. बंधारा समद्या गावाचा. अन् धरन?" इथं थांबून तो तंबाखू मळायचा. "धरन खालच्यांचं. आपुन निस्तं बघायचं."

माणूस सोन्यासारखा. खोड एकच. दरवर्षी नांगरट करताना रतनबाईच्या रानालगतचा बांध आला, की त्याचा ट्रॅक्टर हळूच तिकडे झुकायचा आणि बांधाची एक कड त्याच्या रानात यायची. ही विद्या त्याला बापाकडून मिळालेली. बाप बैलांच्या नांगरानं कोरायचा, हा ट्रॅक्टरनं, एवढाच फरक. गावाचे बांध घालणारा घरचा बांध खात होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

रतनबाईचं रान वरच्या अंगाला, याचं खाली. तिचा नवरा बन्सी गहिनीनाथचा जिवाभावाचा सोबती होता. दुपारी बांधावरच्या बोरीखाली दोन्ही रानांच्या भाकरी एकत्र सुटायच्या, ही बन्सी असतानाची रीत. तो गेला तरी ती मोडली नाही. तिच्या फडक्यात ठेचा, याच्या डब्यात कालवण. हा ठिकठिकाणच्या तालींच्या गोष्टी सांगायचा आणि एकटीनं रान करणारी ती बाई तेवढ्या वेळात पोटभर हसून घ्यायची. बांध मात्र वर्षागणिक रोडावत चालला होता. अलीकडे तर दोघं बसली की एकाला बोरीच्या मुळीवर टेकावं लागे. तरी ती कधी चकार शब्द बोलली नाही. तिच्या ध्यानातच येत नसेल, अशी गहिनीनाथनं आपली सोयीची समजूत करून घेतली होती.

आणि मग सप्टेंबरात आभाळ फाटलं. सकाळी उघडीप पडल्यावर तो रानात गेला, तर बांध मधोमध फुटलेला, बोर आडवी पडलेली. रतनबाईच्या रानातली काळी माती वाहून याच्या तुरीवर येऊन बसली होती. तिच्याकडे उरला होता नुसता मुरूम. त्यात रब्बीची ज्वारी कशी यायची? आणि त्या ज्वारीवरच तर तिचं वर्ष निघायचं.

शेजारच्या वस्तीवरचा भागवत बघायला आला होता. "तात्या, नशीब काढलं तुमी! घरबसल्या काळी माती!"

गहिनीनाथला हसू आलं नाही. नांगरानं पाया खाल्ला होता, नेमका तिथंच बांध फुटला होता. दुसऱ्या कुणाला नाही तरी त्याला ते लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात रतनबाई पाटी घेऊन आली. ना ओरडली, ना रडली. याच्या रानात उतरली, चिखल झालेली माती पाटीत भरली, वर जाऊन ओतली आणि पुन्हा खाली आली. गहिनीनाथला ते बघवेना.

"वैनी, ऱ्हाऊ द्या. बांध म्या कोरला. दर साली कोरला."

"ठावं हाय मला."

"मंग बोलला का न्हाई?"

तिनं पाटी खाली ठेवली. "बोलले असते तर भांडान झालं असतं. मंग दुपारची भाकरी खायला म्या कुनासंग बसले असते, भावजी? म्हनलं, माती गेली तर जाऊ दे. मानूस नको जायाला."

गहिनीनाथ तिथंच चिखलात बसला आणि हमसून हमसून रडला. भागवत घराकडे वळला.

चिखल सुकून रान वाफशावर आल्यावर गहिनीनाथनं ट्रॉली लावून तिची माती तिच्या रानात नेऊन पसरली. दबलेली तूरही त्यात गेली, त्याची त्यानं पर्वा केली नाही. रतनबाईनं ज्वारी पेरली. मग त्यानं तालीचा पाया आखला, तो सगळा आपल्या रानातून.

"तात्या, एवढी रुंद कशापायी?" भागवतनं विचारलं. "तुमचंच रान चाललंय."

"लई दिवसांनी परत चाललंय," गहिनीनाथ म्हणाला आणि कुदळ उचलली.

ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा ताल पुरी झाली. दुपारी रतनबाई फडकं घेऊन आली आणि नव्या दगडांवर ऐसपैस बसली. गहिनीनाथ शेजारी बसला. तरीही जागा उरली. तिनं त्या मोकळ्या दगडावरून हात फिरवला.

"लई रुंद केली हो. मालक असते तर तेबी मावले असते."

"त्यास्नी धरूनच पाया खनला, वैनी," गहिनीनाथ म्हणाला आणि त्यानं डबा उघडला.