ताठ पाठीचा माणूस

आमच्या भागातल्या फिजिओथेरपी केंद्रात माझा खांदा आणि त्या काकांची कंबर एकाच वेळेला यायची. नाव मी कधी विचारलं नाही. फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, बुटांना रोज पॉलिश. खुर्चीत बसले तरी पाठ टेकवायचे नाहीत.

मी कण्हण्यात कधी कसूर केली नाही. ते मात्र, फिजिओथेरपिस्ट मॅडमनी कंबर दाबून "दुखतं का?" विचारलं, की कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात "नाही, मॅडम!" म्हणायचे. कपाळावर घाम असायचा. मॅडम बिचाऱ्या त्या उत्तराच्या भरवशावर व्यायाम वाढवायच्या.

एक दिवस काठी टेकत एक तरुण माजी सैनिक आला. मॅडमनी गुडघ्याला हात लावताच त्याने ओठ आवळले, पण तोही म्हणाला, "काही नाही, ठीक आहे."

शेजारच्या खाटेवरून काका कडाडले, "काहून खोटं बोलून राहिला गा? फौजेत दुखते म्हटलं का पलटन पुढे जाते अन् आपण मागे राहतो. म्हणून मी सारी नोकरी नाहीच म्हटलं. पण इथं तुले कोण मागे ठेवते?"

मॅडम हळूच त्यांच्याकडे वळल्या. "आणि तुमचं काय, काका?"

ते त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "दुखते, मॅडम! लय दुखते!"

बाहेर येऊन ते माझ्या शेजारी बसले, खुर्चीला आरामात पाठ टेकवली आणि मिशीला पीळ देत म्हणाले, "आता इलाज बराबर होते."