साबणाचं पान

गुरुजींनी मला शाळेच्या हातपंपाखाली बसवलं. फ्रॉक अंगावर तसाच. सगळी शाळा प्रार्थनेच्या रांगेत उभी. वरच्या वर्गातल्या एका मुलीच्या हातात लाल साबण देऊन ते म्हणाले, "घास हिला. वर्गात मेंढराचा वास येऊन राह्यला."

ती एका हाताने नाक दाबून घासत होती. दुसरी हापसत होती. पोरं हसत होती. गुरुजीही हसत होते, पण कौतुकाने. आपण पुण्याचं काम करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी दुसरीत होते. ओला फ्रॉक पायांना चिकटलेला, पळताही येईना.

आमची मेंढरं तेव्हा मंठ्याकडच्या एका शेतात बसवली होती. लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरी बसवून घेतात. पालावर मी एक कोकरू वाटीने दूध पाजून वाढवत होते, त्याची आई मेली होती. त्या संध्याकाळी ते धावत आलं, माझा हात हुंगला आणि मागे सरकलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा सरकलं. ते उपाशी, मी रडतेय.

"साबन लावलं का तुला कोनी?" मायने विचारलं. मी मान हलवली. तिने एका मेंढीच्या दुधाची धार माझ्या तळहातावर काढली, लोकरीवर हात चोळायला लावले. "आता बघ येतंय का न्हाई." आलं. साबण कोणी लावला, ते तिने पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं. पण शाळेत जाऊन भांडणार कोणाच्या जिवावर?

आता मी शिक्षिका आहे. अजून कायम झालेली नाही. माझ्या कामावरचा शेरा केंद्रप्रमुख साहेबांच्या हातात आहे.

यंदा आमच्या भागातल्या शाळांसाठी मुलांची उत्तम चित्रपुस्तकं निवडायची होती. पाच जणांत साहेबांनी मला घेतलं. "तुमच्या समाजाचंबी कोनी पाहिजे," म्हणाले. खोली लहान, टेबल मोठं. माझी खुर्ची भिंत आणि कपाटाच्या मधल्या सापटीत. बाहेर पडायचं तर दोघांना उठवावं लागणार.

एका पुस्तकात रंग फार भडक. एकात मजकूर जास्त. मला एक फार आवडलं होतं. त्यात शब्दच नव्हते, एक मूल पुस्तकभर चिखलातून चालत होतं. "यातून बोध काय?" कोणीतरी म्हणालं, आणि ते बाजूला पडलं.

मग ते पुस्तक आलं. जाड, गुळगुळीत कागद. मेंढपाळाची मुलगी शाळेत येते. तिच्या डोक्याभोवती माश्या, एकेक निगुतीने काढलेली. मुलं नाक दाबतात. बाई तिला नळाखाली बसवतात. पानभर साबणाचा फेस, फेसात सात रंग. शेवटी ती रिबिनी बांधून हसते आणि मेंढरं फाटकाबाहेरून बघत राहतात. चित्रं खरंच सुंदर होती. म्हणून तर मला जास्त संताप आला.

"एकमताने हेच," साहेब म्हणाले. "आन् मॅडम, पोरं आन् पालकांपुढं हे तुम्हीच वाचायचं. तुमच्या तोंडून लोकांना बराबर पटंल."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. तेच कौतुक. हातपंपावरचं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या बापाची मेंढरं गावाबाहेर बसलीत. ती दाराला टेकून बसायची, नुकतीच कुठे एक ओळ आत सरकली आहे. ते पान उघडलं की वर्ग पुस्तकाकडे बघणार नाही. तिच्याकडे बघेल.

"मी न्हाई वाचणार," मी म्हणाले. इतकी वर्षं घासून चकचकीत केलेली भाषा कुठल्या कुठे गेली.

"काहून?"

"ही पोरगी मीच हाय, सर. मला असंच घासलंय."

शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, मग चांगलंच झालं की! बघा, कुठं पोचलात."

साहेबांनी पुस्तक मिटलं. "इचार करा मॅडम. कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

मी उठले. पण खुर्ची कोणी सरकवली नाही. कपाटाला पाठ लावून उभी राहिले आणि परत खाली बसले. चहा आला, तोही घशाखाली ढकलला. पुस्तक एकमताने निवडलं गेलं.

आता प्रती शाळेत आल्या आहेत. शुक्रवारी पालक येतील, साहेब येतील. माझ्या शेऱ्यात काय लिहिलं जाणार ते मला माहीत आहे. भीती वाटते. घरचं सगळं माझ्या पगारावर आहे.

तरी ते पान मी उघडणार नाही. पुस्तक हातात दिलं तर मिटलेलंच ठेवीन आणि सांगेन हातपंपाचं, लाल साबणाचं, उपाशीपोटी मागे सरकलेल्या कोकराचं. गुरुजी कसे हसत होते तेही सांगेन. दाराजवळच्या त्या मुलीला मी पहिल्या ओळीत बसवणार आहे. ज्याला ऐकवणार नाही त्याने उठून जावं. त्याची वाट मी अडवणार नाही.